एकवीस तारा, एक गंधार

माझी बोटं गप्प बसत नाहीत. सकाळी इथे आखातात, जबल अलीच्या रस्त्यावर गाडी अडकली की उजवा हात स्टिअरिंगवर सूर शोधत फिरतो आणि डावा मांडीवर कॉर्ड दाबत राहतो. नवरा शेजारी असला तर म्हणतो, "अगं, ब्रेककडे लक्ष दे, मैफल नंतर." ऑफिसात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. कंटेनरचा नंबर, बंदराचं नाव, वजन, सील. अठरा वर्षं हेच चाललंय आणि अठरा वर्षं टेबलाखाली माझे पाय पियानोचं नसलेलं पेडल दाबताहेत. माझं बूड एका जागी टिकतच नाही. आई म्हणायची, हिच्या अंगात मुंग्या भरल्यात.

या मुंग्या मला वडिलांकडून आल्या. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. साताऱ्यात ते गवयांना हार्मोनियमची साथ करायचे आणि पोटासाठी पेट्या दुरुस्त करायचे. आमच्या घरी पोह्यांच्या बशीशेजारी पितळी रीड पडलेले असायचे, म्हणजे पेटीच्या आत थरथरणाऱ्या त्या बारीक पट्ट्या. आधी मी पेटी शिकले. मग पुण्याला कॉलेजात आले, कॅम्पातल्या एका वयस्कर बाईंकडे पियानो शिकायला लागले आणि त्यांच्या कॅसेटींवरचा जॅझ ऐकून बिघडले. बिघडले हा अण्णांचा शब्द. पियानोला श्वास नाही, असं ते म्हणत आणि मी तणतणत दार आपटून बाहेर जाई. दोघांच्याही नाकावर राग.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटमध्ये आता एक उभा पियानो आहे. गाशा गुंडाळून मायदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलेला. त्याचा मला भारी तोरा. अण्णा गेल्यावर त्यांची पेटी मी इकडे आणली. पियानोशेजारी ठेवून वाजवली तर ती बेसूर निघाली. गंधार उतरलेला, निषाद उतरलेला, धैवत भलतीकडेच. मी ती अल मनखूलमधल्या एका दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली आणि सगळे सूर पियानोबरहुकूम करून घेतले. काम छान झालं. मग ती जुन्या साडीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली, कारण पियानो असताना पेटी कोण वाजवतंय?

तर आता त्या माणसाबद्दल. तो आमच्या कंपनीच्या गोदामात डिस्पॅच सुपरवायझर होता, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गांबियाचा. सुरुवातीला तो माझ्यासाठी फक्त फोनवरचा एक आवाज होता आणि त्या आवाजाशी मी कडाकडा भांडायचे. "सीलचा नंबर चुकलाय." "नो सिस्टर, नंबर इज करेक्ट, युवर पेपर इज राँग." आणि चूक खरंच माझ्या कागदात असायची, त्यामुळे मी आणखी तापायचे. नऊ वर्षांत गोदामातल्या पोरांकडून त्यानं हिंदी उचललं होतं. भांडण संपलं की तो म्हणायचा, "खलास, सिस्टर. अभी पानी पियो."

एकदा स्टॉक मोजायला मी गोदामात गेले. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मागच्या बाजूला, जिथे रिकाम्या पॅलेट रचून ठेवतात तिथे, सावलीत कुणीतरी काहीतरी वाजवत होतं. मी वळसा घालून पाहिलं तर तोच. पुढ्यात अर्धा कापलेला भलामोठा भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं कातडं, त्यातून वर आलेला लांब दांडा आणि डाव्या-उजव्या दोन रांगांमध्ये एकवीस तारा. वाद्य स्वतःकडे तोंड करून धरलेलं. दोन्ही हातांची मधली, अनामिका, करंगळी ही बोटं दोन उभ्या मुठींना धरून, वाजवणारी बोटं फक्त चार, दोन अंगठे आणि दोन तर्जनी. अंगठे खाली एक चाल धरून बसलेले आणि तर्जन्या वर दुसरंच काहीतरी बोलत होत्या. मी दहा बोटांनी वीस वर्षं जे करायला धडपडते आहे ते हा माणूस चार बोटांत उरकत होता.

मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला हेवा वाटला, चांगलाच.

वाद्याचं नाव कोरा, असं त्यानं सांगितलं. त्याचं घराणं पिढीजात गाणाऱ्यांचं. त्यांच्याकडे असा माणूस लोकांच्या पूर्वजांची नावं लक्षात ठेवतो आणि त्यांच्या दारी जाऊन गातो. हे वाद्य त्याच्या वडिलांनी स्वतः बनवलेलं. मी विचारलं, पियानोबरोबर कधी वाजवलंय? तो हसला. म्हणाला, वाजवायचंय केव्हापासून, पण गोदामात पियानो कुठला? मी तिथल्या तिथे त्याला घरी बोलावलं. नवऱ्याला गाडीतून फोन केला तर तो म्हणाला, "ज्याच्याशी रोज भांडतेस तोच ना? मग जेवायलाही ठेव, म्हणजे भांडण नीट होईल."

पुढच्या शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून, तो वाद्य चादरीत बांधून आला. अर्ध्या दिवसाचा शुक्रवार आमच्या घरात एरवी झोपण्यात जातो. मी मात्र सकाळपासून पियानोचं झाकण उघडत होते, मिटत होते. मुलगी पंधरा वर्षांची. तिनं सोफ्यावरून न उठता विचारलं, "आई, व्हाय आर यू सो नर्व्हस?" मी म्हटलं, नर्व्हस कुठेय, धूळ पुसतेय.

तो बसला, पाणी प्यायला आणि वाजवायच्या आधी त्यानं विचारलं, "या घरात कुणाची नावं घेऊ? तुमचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे?" मी अण्णांचं नाव सांगितलं. आजोबांचं सांगितलं. पणजोबांशी अडखळले, मग श्राद्धाला भटजींनी विचारलेलं कसंबसं आठवून सांगितलं. त्यापुढे माझी गाडी थांबली. "ओन्ली थ्री?" तो म्हणाला आणि माझा नवरा फिदीफिदी हसला. मग त्यानं ती तीन नावं त्याच्या मँडिंका भाषेतल्या गाण्यात गुंफून गायली. साताऱ्याच्या पेटीवाल्याचं नाव डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मँडिंका चालीत ऐकताना मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. मुलीनं मोबाइलवर सगळं चित्रित केलं.

त्यानंतर दर शुक्रवार आमचा. आणि तिथेच कटकट सुरू झाली. कोरावर एका वेळी सातच सूर लागलेले असतात. मधेच पट्टी बदलायची म्हटलं तर सगळ्या तारा नव्यानं जुळवाव्या लागतात. जॅझ तर दर चार मात्रांनी घर बदलणारा. मी एका कॉर्डवरून दुसरीवर उडी मारली की तो बिचारा तिथेच उभा राहायचा, बस सुटलेल्या माणसासारखा. पण ते निभावलं असतं. खरी अडचण गंधाराची होती. त्याचा गंधार माझ्या गंधाराला चिकटेना. निषाद तर दातात खडा आल्यासारखा. दोघांनी मिळून वाजवलं की माझ्या मानेवर काटा यायचा आणि मी फटकन हात उचलायचे.

त्याला मात्र घाई होती आणि तिचं कारण त्यानं तिसऱ्या शुक्रवारी सांगितलं. गावी त्याच्या आजोबांची जुनी कोरा भिंतीवर टांगलेली आहे. ती घराण्यात एकाच्याच हाती जाते. वडील थकलेत, डोळे गेलेत. बकरी ईदला सगळे जमतील तेव्हा ते ती कुणाच्या तरी हाती देणार. एक चुलतभाऊ गावातच वाजवतो. लोक म्हणतात, त्यालाच मिळणार, हा तर गोदामात खोकी मोजतो. वडिलांनी निरोप पाठवला होता, तिकडे जे वाजवतोस ते पाठव. कुणाबरोबरही वाजव, पण त्यात तू अजून आहेस की नाही ते मला ऐकू दे.

"मला पियानोबरोबरचंच पाठवायचंय," तो म्हणाला. "मी इथे नुसता बसलो नव्हतो, हे त्यांना कळू दे."

ईदला सहा आठवडे होते. जीव त्याचा टांगणीला लागलेला आणि धावपळ माझी. मला तर काय, निमित्तच हवं असतं. मी म्हटलं, आधी हे सुरांचं भांडण मिटवू. मोबाइलवर सूर मोजायचं ॲप घेतलं. सूर बरोबर लागला की त्यात काटा मध्यावर येतो आणि हिरवा होतो. मी त्याला म्हटलं, "पियानो काही हलवता येणार नाही. तूच जरा सरक."

त्यानं विचारलं, "शुअर, सिस्टर?"

"अगदी."

"शुअर?"

"अरे हो, किती वेळा विचारशील!"

कोराला खुंट्या नसतात पिळायला. दांड्यावर चामड्याच्या विणलेल्या कड्या घट्ट बसवलेल्या असतात, प्रत्येक तारेची एक. सूर चढवायचा तर कडी वर रेटायची, उतरवायचा तर खाली ओढायची. एकवीस कड्या. त्याला तासभर लागला. मी मोबाइल धरून शेजारी उभी आणि "अजून, अजून, हं, बस, हिरवा!" असा माझा जप चाललेला. दोन कड्या इतक्या घट्ट होत्या की त्याच्या बोटाचं साल निघालं. मी हळद लावायला गेले तर म्हणाला, असू दे. मुलगी दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "आई, यू आर ऑटोट्यूनिंग हिम." मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

आणि मग वाजलं! काय स्वच्छ वाजलं म्हणून सांगू. कुठे खडा नाही, कुठे काटा नाही. त्याच आठवड्यात आम्ही ते रेकॉर्ड केलं. मी माझ्या आवडीच्या सगळ्या कॉर्ड त्यात कोंबल्या आणि वर एक सोलोही हाणला. तो शांतपणे वाजवत होता. मला वाटलं, रंगलाय. रेकॉर्डिंग त्यानं वडिलांना पाठवलं आणि मी नवऱ्याला अभिमानानं म्हटलं, बघ, मिळणार त्याला ती कोरा.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. ऑफिसात कागद येत-जात होते, पण ते तो दुसऱ्याच्या हाती पाठवत होता. मला काही सुचेना. एका कंटेनरवर मी मोम्बासाच्या जागी मुंबई लिहून बसले आणि साहेबाची बोलणी खाल्ली. घरी चहा उतू घालवला. नवरा म्हणाला, "जाऊन विचार ना एकदाचं, उगीच आम्हाला का छळतेस?"

मी गोदामात गेले. तो पॅलेटवर बसून डबा खात होता. मला बघून उठला, जागा पुसून दिली. चिडलेला नव्हता आणि तेच जास्त लागलं. मी विचारलं, काय म्हणाले वडील?

"म्हणाले, ही कोणत्या दुकानातली कोरा? यात माझा मुलगा कुठे आहे?"

मी म्हटलं, मग पहिल्यासारखी लाव, एकट्यानं वाजव आणि पाठव, अजून महिना आहे! तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "नहीं होता, सिस्टर." मग त्यानं सांगितलं ते असं.

घर सोडताना वडिलांनी त्या एकवीस तारा स्वतःच्या हातानं जुळवून दिल्या होत्या. ती जुळणी त्यांच्या घराण्याचीच, शेजारच्या गावातही तशी नाही. नऊ वर्षांत एखादी तार उतरली की तो शेजारच्या तारेवरून तिला जागेवर आणायचा. सगळ्या तारा एकदम त्यानं कधीच हलवल्या नव्हत्या. हलवायची गरजच नव्हती. आता एकही जुनी जागा उरली नव्हती, की जिथून सुरुवात करावी. तो पंधरा दिवस प्रयत्न करत होता. "बरोबर लागते," तो म्हणाला, "पण ती कुणाचीही असू शकते. घरची नाही." वडिलांना विचारावं तर सांगणार काय, की तुम्ही लावून दिलेलं मी एका दुपारी पुसून टाकलं? आणि विचारलं तरी त्यांची बोटं आता वाजवत नाहीत. चुलतभावाला तर हे कळू देणंच शक्य नव्हतं.

"दोनदा विचारलं होतंस तू मला," मी म्हटलं.

"तुमचं घर होतं, सिस्टर. मी तुमच्याकडे जेवलो होतो."

परतताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी कुणाची मुलगी? अण्णांकडे बाहेरगावचे गवई पेटी घेऊन यायचे, तेव्हा अण्णा आधी त्यांना समोर बसवून गायला लावायचे. मग गळ्यातला गंधार ऐकून एकेक रीड काढून कानशीनं घासायचे. टोकाशी घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. एकेका पेटीला चार-चार दिवस. गवयाला कधीही म्हणाले नाहीत, की पेटी हलत नाही, तू सरक. हे बघत मी वाढले, आणि पाहुण्याला मी नेमकं तेच म्हटलं होतं. आणि मग अल मनखूलची ती दुपार आठवली. अण्णांची पेटी बेसूर नव्हतीच. ती कुणाच्या तरी गळ्याला लागलेली होती. ती मी हौसेनं घासून आणली होती आणि काम छान झालं असं म्हणाले होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. मागून एका बसनं हॉर्न दिला तेव्हा कुठे भानावर आले.

घरी येऊन मी मुलीला म्हटलं, पहिल्या शुक्रवारचा तो व्हिडिओ आहे का तुझ्याकडे? तिनं मोबाइल पुढे केला. "ऑफ कोर्स. आय नेव्हर डिलीट एनीथिंग." त्या व्हिडिओत सूर मोजायच्या आधीची कोरा होती. तो सुरुवातीला एकेक तार छेडून बघतो, तेही होतं. मी तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि ती म्हणाली, "ओके, वीअर्ड."

सूर सापडले, पण ते धरून ठेवायचे कशात? माझा पियानो त्या कामाचा नव्हता. आमच्या खालच्या मजल्यावर एक इजिप्शियन गृहस्थ राहतात, लग्नसमारंभात कीबोर्ड वाजवतात. अरबी गाण्यासाठी त्यांच्या कीबोर्डवर प्रत्येक सूर वेगवेगळा खाली-वर सरकवायची बटणं असतात. मी आजवर त्या वाद्याला प्लॅस्टिकचं खेळणं म्हणत आले होते आणि ते त्यांच्या कानावर गेलंही असावं. मी दार वाजवलं. सगळं ऐकून त्यांनी कीबोर्ड खांद्यावर घेतला, आमच्या हॉलमध्ये आणून ठेवला आणि म्हणाले, "यल्ला हबीबती, टेक युवर टाइम." म्हणजे चल गं बाई, सावकाश होऊ दे.

शनिवार आणि रविवार मी त्या खेळण्यासमोर बसून होते. मोबाइलवर एक तार ऐकायची, कीबोर्डवर तो सूर दाबून धरायचा आणि केसाएवढा सरकवायचा. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत की आत लाटा उठतात, वँव-वँव असं ऐकू येतं. अण्णा त्याला घुमारा म्हणायचे. घुमारा मंद होत होत थांबला की जमलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी चार तास जागेवरून उठले नाही. नवऱ्यानं येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

शुक्रवारी मी गोदामाच्या दारात गाडी उभी केली आणि फोन केला, "कोरा घेऊन ये. फिर्यादीही मीच आणि गुन्हेगारही मीच." त्याला कळलं नाही, पण आला, आणि मी त्याला घरी घेऊन आले.

मी एकेक सूर दाबत गेले आणि तो एकेक कडी सरकवत गेला. या वेळी मी जप केला नाही, तोंडातून एक शब्द काढला नाही. एकोणीस तारा लागल्या. शेवटच्या दोन जवळ आल्यावर त्यानं हातानं मला थांबवलं. डोळे मिटले, माझ्या सुराकडे न बघता एक कडी किंचित खाली ओढली, मग दुसरी. तार छेडली. आणि तो हसला, रडवेलं हसला. "व्हिडिओच्या दिवशी या दोन उतरलेल्या होत्या," तो म्हणाला. "आता बाबांच्या आहेत." मी कीबोर्डवरचे ते दोन सूर त्याच्याप्रमाणे सरकवले.

वाजवताना मला माझं निम्मं सामान बाहेर ठेवावं लागलं. ज्या कॉर्डमध्ये माझा गंधार त्याच्याशी भांडेल ती सोडून दिली. पट्टी बदलली नाही. त्याच्या अंगठ्यांच्या चालीखाली दोन-दोन सूर ठेवत गेले आणि मधेच त्यानं जागा दिली तिथे चार मात्रा जॅझ बोलून परत खाली बसले. साथ यालाच म्हणतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त मी ती कधी केली नव्हती. त्यानं त्याच्या घराण्यातली नावं घेतली, आणि मग, आधी न सांगता, माझी ती तीन नावं. अण्णांचं नाव आलं तेव्हा माझा हात चुकला. तो चुकलेला सूर तसाच राहू दिला आम्ही.

रेकॉर्डिंग गेलं. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी ऑफिसात फोन वाजला, "सिस्टर, खाली या." त्यानं मोबाइल माझ्या कानाला लावला. एक म्हातारा, खरखरीत आवाज, मला न कळणाऱ्या भाषेत. तो सांगत गेला. आधी नुसतं त्याचं नाव घेतलंय, दोनदा. मग विचारलंय, शेजारी कोण बसलंय, तिला साथ कुणी शिकवली? मग म्हणालेत, ये आणि घेऊन जा. ती टपालानं पाठवायची वस्तू नव्हे.

मी ओरडलेच. आजूबाजूचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. तो माझ्याबरोबर हसत होता आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की हा आता जाणार. त्यानं राजीनामा आधीच लिहून ठेवला होता. परत येशील का, असं विचारलं तर म्हणाला, "इन्शाल्ला." इथे इतकी वर्षं राहून मला त्या शब्दाचे सगळे प्रकार कळतात. हा नाही म्हणण्याचा हळुवार प्रकार होता.

शेवटच्या शुक्रवारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, तुमच्या वडिलांचं वाद्य दाखवा. मी पलंगाखालून पेटी काढली, साडी सोडली, भाता मारला आणि गंधार दाबला. त्यानं मान तिरकी करून ऐकलं. पियानोकडे पाहिलं, परत पेटीकडे पाहिलं.

"हा पियानोचा आहे," तो हलकेच म्हणाला. "तुमच्या वडिलांचा कुठाय?"

व्हिडिओ नव्हता, कॅसेट नव्हती, ज्याच्या गळ्याला ती लागलेली होती तो गवई कोण हेही ठाऊक नाही. मी खाली मान घालून म्हटलं, मी पुसला. निघताना त्यानं पेटीवर दोन बोटं टेकवली, जशी आपण देवाला टेकवतो.

तो गेला त्याला आता सात शुक्रवार झाले. पहिल्या शुक्रवारी मी घरभर येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या शुक्रवारी पेटी उघडली. आत, भात्याच्या बाजूच्या कप्प्यात, अण्णांची बोटभर लांबीची कानस होती, कापडात बांधलेली. अल मनखूलच्या माणसानं तिला हात लावला नव्हता. मी गंधाराचा रीड काढला आणि बुडाशी एकदा घासला. बसवला, भाता मारला, ऐकला. पुन्हा काढला. तेव्हापासून दर शुक्रवारी हेच चाललंय. मुलगी विचारते, "हाऊ विल यू नो व्हेन इट्स राइट?" मी तिला सांगते, कळेल. घासताना माझे पाय हलत नाहीत, हे नवऱ्यानं मला दाखवून दिलं.

काल वाटलं, झालं. आज सकाळी पुन्हा ऐकला. अजून थोडा उतरायला हवा.